पाण्याची धास्ती आणि पाण्याचा जमाखर्च

मृगाचा पाऊस पडला नाहीं म्हणजे शेतकरी आर्द्रेकडे डोळे लावून बसतो; आर्द्रा कोरडी गेली म्हणजे पुनर्वसूची वाट पाहतो; आणि तेंहि नक्षत्र हुकलें म्हणजे त्याचें बोलणें कमी होतें व रात्रीच्या वेळीं ओसरीवर येरझारा सुरू होतात. ह्या येरझारा ज्यानें घातल्या नाहींत असा खातेदार शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत शोधूनहि सांपडणार नाहीं. बीं, खत, रोग व बाजारभाव यांविषयीं शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. परंतु विहिरीचा तळ दिसूं लागला असतां मालकाच्या मनाची जी अवस्था होते, तिजविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक पाहतां त्या अवस्थेंत घेतलेले निर्णयच कित्येकदां खुद्द टंचाईपेक्षां अधिक नुकसान करितात. प्रस्तुत लेखकानें असें नुकसान स्वतः करून घेतलेलें असल्यामुळें, आणि पुढें त्यांतून कांहीं शिकण्याचा योग आल्यामुळें, तो अनुभव वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमचा मुलूख

वढू बुद्रुक हें आमचें गांव भीमेच्या कांठीं, कोरेगांव भीमाच्या शेजारीं आहे. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. समोर तुळापूर, तेथें इंद्रायणी भीमेस मिळते. नद्यांचा असा शेजार पाहून परगांवच्या पाहुण्यास वाटतें कीं, येथें पाण्याची वाण ती कसली? परंतु नदीचें पाणी हें आमच्या आकाशांतलें नव्हे. तें भीमाशंकराच्या बाजूच्या सह्याद्रींत पडतें. तेथून पूर्वेकडे येऊं लागलें म्हणजे पाऊस झपाट्यानें उतरत जातो, व आमच्या भागांत तो वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें २० इंच, इतकाच उरतो. तोहि वेळेवर पडेल याचा भरंवसा नसतो. खेड तालुक्यांतील चास येथें भीमेवर चासकमान धरण झालें, त्याच्या कालव्यानें शिरूर तालुक्याच्या बर्‍याच भागाचें रूप पालटलें हें खरें. परंतु कालव्याच्या मुखाशीं खेड आहे आणि शिरूर पुढें खालच्या अंगास आहे. आवर्तन लांबलें किंवा वरच्या वर पाणी आटलें, म्हणजे शेवटच्या चारीवर बसलेल्या शेतकर्‍यास कोरड्या पाटाकडे पाहत दिवस मोजावे लागतात.

ही धास्ती आजची नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें हा मुलूख होरपळून निघाला. त्यापूर्वीं १८७४ सालीं आमच्याच तालुक्यांतील करडे येथें सावकाराविरुद्ध बहिष्काराची जी ठिणगी पडली, ती पुढील वर्षीं सुपें येथें भडकली, आणि दख्खनच्या दंग्यांचा तो इतिहास सर्वांस माहीत आहे. कोरडी जमीन, बेभरंवशाचा पाऊस आणि त्यांवर चढलेलें कर्ज हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे माणसाचा धीर कसा सुटतो, याचा तो पाठ होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकर्‍याचा असूड’ या ग्रंथांत, डोंगरउतारावर व ओढ्याखोड्यांतून ताली व बंधारे घालून पावसाचें पाणी जमिनींत मुरवावें, अशी सूचना केली होती. आज ज्यास आपण पाणलोट विकास म्हणतों, त्याचें बीज तेथें आहे.

याहूनहि जवळचें एक उदाहरण आहे. डॉ. हॅरोल्ड मान व श्री. ना. वि. कानिटकर यांनीं दख्खनच्या खेड्यांतील जमीन व श्रम यांविषयींचा आपला दुसरा अभ्यास आमच्या शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवीं केला व तो १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक कुटुंबाची जमा व खर्च मांडून, केवळ जमिनीवर कोणाचें भागतें, जमिनीस बाहेरची मजुरी जोडून कोणाचें भागतें, आणि कशानेंच कोणाचें भागत नाहीं, अशी कुटुंबांची विभागणी केलेली आहे. शंभर वर्षांपूर्वीं परक्या माणसानें आमच्या तालुक्यांत येऊन आमचा हिशोब मांडला; आम्हीं मात्र आमच्या विहिरीचा हिशोब आजवर मांडला नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

धास्तींतून झालेली चूक

२०१८ सालीं पाऊस उणा झाला. राज्यांतील १५१ तालुक्यांत सरकारानें दुष्काळ जाहीर केला. त्या वर्षीं मीं तीन एकर कांदा लावला होता. कारण आदल्या वर्षीं विहीर चैत्रापर्यंत पुरली होती, आणि मागील वर्ष तेंच पुढील वर्ष, असें धरून चालण्याची आम्हां शेतकर्‍यांची खोड आहे. माघ अर्धा सरला नाहीं तोंच विहीर उपसा तुटूं लागली. रात्री झोप येईना. पहाटे उठून बॅटरीच्या उजेडांत पाणी किती आहे तें पाहावें, आणि पाहून अधिकच घाबरावें, असा क्रम सुरू झाला. अशा मनःस्थितींत पाणाड्या बोलाविला. त्यानें नारळ हातावर धरून शेतांत फेर्‍या घातल्या व दोन जागा दाखविल्या. पहिली बोअर साडेतीनशें फुटांपर्यंत गेली. धुरळ्याखेरीज कांहीं आलें नाहीं. दुसरीस पाणी लागलें. त्या दिवशीं घरांत गोड झालें.

चौथ्या दिवशीं शेजारचे अण्णा बांधावर आले. आमचें व त्यांचें तीन पिढ्यांचें जाणें-येणें. ते म्हणाले, “तात्या, तुमच्या बोअरला पाणी लागलें तें बरें झालें; पण माझी विहीर तीन दिवसांत सहा हात खालीं गेली. तुम्हांला लागलेलें पाणी नवें नव्हे, तें माझें आहे.” मीं तें तेव्हां मानलें नाहीं. शब्दानें शब्द वाढला. पंधरवड्यानें बोअरचें पाणी तुटलें, कांदा अर्धा वाळला, दोन बोअरांचें कर्ज अंगावर राहिलें, आणि अण्णांच्या घरीं लग्न असतां आम्हांस बोलावणें आलें नाहीं. कर्ज तीन वर्षांत फिटलें. त्या बोलावण्याची खंत अजून जात नाहीं.

अण्णांचें म्हणणें खरें होतें, हें पुढें भूगर्भाची माहिती वाचून कळलें. आपला सारा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या पोटांत पाण्याचीं तळीं नसतात. वरचा मुरूम व झिजलेला खडक यांत, आणि त्याखालच्या कातळाच्या भेगांत काय तें पाणी राहतें. बोअर खोल नेली म्हणजे नवीन पाणी निर्माण होत नाहीं. बहुतेक वेळां त्याच मुरमांतलें पाणी दुसर्‍या वाटेनें खालीं खेंचलें जातें. आणि खोल भेगांतलें पाणी एकदां उपसलें म्हणजे तें भरून येण्यास अनेक पावसाळे लागतात. म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीखेरीज विहीर घेऊं नये, असा निर्बंध १९९३ च्या कायद्यानें घातला. भूजल कोणा एकाच्या सातबार्‍यावर लिहिलेलें नसतें.

विहिरीची मोजणी

त्या वर्षाच्या कोजागिरीस मीं एक साधें काम केलें. विहिरीच्या बांधकामावर तळापासून वरपर्यंत फुटाफुटाच्या खुणा पांढर्‍या रंगानें रंगविल्या, आणि एक वही घातली. तिचा हिशोब येथें देतों. प्रत्येकानें तो आपल्या विहिरीस लावून पाहावा.

विहीर गोल असून तिचा व्यास २० फूट असेल तर एक फूट उंचीचें पाणी म्हणजे सुमारें ३१४ घनफूट, अर्थात् सुमारें ८,९०० लिटर. आतां एक एकर जमिनीवर एक इंच उंचीचें पाणी पसरावयाचें तर ३,६३० घनफूट, म्हणजे सुमारें १,०२,८०० लिटर पाणी लागतें. याचा अर्थ, विहिरींतील साडेअकरा फूट पाणी काढावें तेव्हां एका एकरावर एक इंच पाणी होतें. मोकळा पाट सोडून दारें धरणारा गडी एका पाळीस सहज तीन इंच पाणी देतो. म्हणजे एका एकराच्या एका पाळीस जवळ जवळ ३५ फूट पाणी गेलें! मीं हा आंकडा वहींत लिहिला तेव्हां आधीं वाटलें कीं गुणाकार चुकला. तो चुकला नव्हता. चुकला होता तो माझा कांदा.

परंतु विहिरींत किती पाणी उभें आहे, यापेक्षां तिला किती पाणी येतें हें अधिक महत्त्वाचें. त्यासाठीं सायंकाळीं सहा वाजतां पंप बंद करून पातळी लिहावी व सकाळीं सहा वाजतां पुन्हां लिहावी. समजा, रात्रींत तीन फूट पाणी वाढलें, आणि रोज तेवढेंच उपसलें. तर रोजचें सुमारें २६,७०० लिटर व दहा दिवसांचें २,६७,००० लिटर झालें. पिकास दर दहा दिवसांनीं दोन इंच पाणी द्यावयाचें ठरविलें, तर हें पाणी सव्वा एकरास पुरेल; तीन एकरांस कदापि नाहीं. शिवाय ऊन वाढत जातें तसे झरे मंदावतात, म्हणून यांतूनहि चौथाई भाग शिलकेंत धरावा. ही मोजणी कोजागिरीच्या सुमारास, संक्रांतीस व होळीस अशी तीन वेळां तरी करावी. पहिल्या मोजणीवरून रब्बीचें क्षेत्र ठरवावें, दुसरीवरून उन्हाळी पीक घ्यावयाचें कीं नाहीं तें ठरवावें, आणि तिसरीवरून जनावरांचा व झाडांचा बंदोबस्त करावा.

पाण्याचे वांटे करितांना क्रम असा असावा: प्रथम माणसांचें पिण्याचें, मग जनावरांचें, मग उभ्या फळझाडांचें, मग चार्‍याचें, आणि सर्वांच्या शेवटीं बाजारच्या पिकाचें. घरांतील पाण्याचा अंदाज स्त्रियांस विचारावा. हंडे त्या वाहतात, म्हणून त्यांचा आंकडा आपल्या अंदाजापेक्षां नेहमीं खरा असतो.

ओल राखणें

विहिरींतील पाणी हें पाण्याचें एकच खातें झालें. दुसरें खातें जमिनीच्या ओलीचें, आणि तें पुष्कळ मोठें आहे. ५०० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारें २० लाख लिटर पाणी झालें. वर सांगितलेल्या विहिरीच्या हिशोबानें तें २२७ फूट पाण्याएवढें भरतें. यांतील किती मुरतें व किती ओघळीनें भीमेस जाऊन मिळतें, हें मालकाच्या बांधावर अवलंबून आहे.

जातेगांवचा अभ्यास करणारे श्री. कानिटकर यांनीं पुढें कोरडवाहू शेतीच्या संशोधनास वाहून घेतलें. सोलापूर येथील केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत जी मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धति म्हणून सिद्ध झाली, तिचीं अंगें आजहि जशींच्या तशीं उपयोगी आहेत: समपातळीवर बांधबंदिस्ती व पाण्यास सांडवा, पावसापूर्वीं नांगरट, पावसाळ्यांत वरचेवर कुळवणी, जेणेंकरून पाणी मुरेल व तण उठणार नाहीं, बीं कमी, पाभरीच्या ओळी दूर, आणि पिकांत वारंवार कोळपणी. कोळपणीस अर्ध्या पाण्याचें मोल आहे, असें आपले वडील म्हणत, त्यांत मर्म आहे. रब्बीच्या काळ्या रानास उन्हानें भेगा पडतात व त्यांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळप्यानें वरचा थर भुसभुशीत झाला म्हणजे त्या भेगा बुजतात. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी हस्ताच्या ओलीवर उभी राहते, आणि दाण्याबरोबर कडबाहि देते. टंचाईच्या वर्षीं कडब्याचें मोल दाण्याहून कमी नसतें.

बागाईतदारांनीं ऊंस काढल्यावर पाचट जाळूं नये. तें सरींत पसरलें म्हणजे ओल टिकते व पुढें त्याचेंच खत होतें. ठिबक सिंचनानें मोकळ्या पाटाच्या मानानें तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी वांचतें, हें अनुभवास आलें आहे. परंतु वांचलेल्या पाण्यावर लगेच आणखी एक एकर बागाईत वाढविली, तर विहिरीच्या दृष्टीनें बचत शून्य. शेततळ्याविषयींहि असेंच आहे. पावसाचें वाहतें पाणी सांठविणारें तळें हितकारक. पण विहिरीचें पाणी उपसून उघड्या तळ्यांत भरून ठेवणें हें जमिनीखालीं सुरक्षित असलेलें धन उन्हांत वाळत घालण्यासारखें आहे. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यावरून उन्हाळ्यांत रोज आठ मिलिमीटर पाणी उडालें, तर एका दिवसांत ७,२०० लिटर गेलें. माणशीं ५५ लिटर धरले, तर सहा माणसांच्या कुटुंबाचें तें एकवीस दिवसांचें पाणी होय.

एकट्याचा हिशोब पुरत नाहीं

माझी वही बिनचूक असली, पण शेजार्‍यानें वाटेल तसा उपसा केला, तर तिचा उपयोग नाहीं. या गोष्टीचें उत्तम उदाहरण आपल्याच पुणें जिल्ह्यांत आहे. १९७२ च्या दुष्काळांत पुण्यांतील कारखानदार श्री. विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यांत फिरले, आणि खडी फोडण्याचीं कामें पाहून अस्वस्थ झाले. पुढें त्यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें ४० एकर उजाड जमीन कराराने घेऊन तीवर ताली, पाझर तलाव व विहीर करून दाखविली. १९७४ सालीं ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि त्यांतून पाणी पंचायत उदयास आली. तिचे नियम असे: पाण्याचा हक्क जमिनीच्या मापानें नव्हे तर माणसांच्या मापानें, माणशीं अर्धा एकर व एका कुटुंबास अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनासहि पाण्याचा वांटा, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जावयाचा नाहीं, आणि त्या पाण्यावर ऊंस घ्यावयाचा नाहीं. योजनेच्या खर्चाचा वांटा लाभधारकांनीं स्वतः उचलावयाचा. साळुंखे २००२ सालीं निवर्तले. पण पाणी हें मोजून वांटून घेण्याची वस्तु आहे, हा त्यांचा धडा मागें राहिला आहे.

घोड नदीच्या पलीकडे, पूर्वींच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, हिवरे बाजार हें गांव आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें त्या गांवानें शेतीसाठीं बोअर न घेण्याचा नियम केला, आणि दरवर्षीं पाऊस मोजून गांवाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडण्याचा प्रघात पाडला. पाऊस कमी तर पिकें कमी पाण्याचीं, हें तेथें सर्वांनीं मिळून ठरतें; त्यामुळें एकट्याच्या छातीवर त्याचा भार येत नाहीं. मला वाटतें, या ताळेबंदाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

आमच्याकडे इतकें मोठें कांहीं झालें नाहीं. झालें तें एवढेंच कीं, दुसर्‍या वर्षीं मी वही घेऊन अण्णांच्या ओसरीवर गेलों व चुकी कबूल केली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “माझीहि विहीर मोजूं या.” दोन विहिरींच्या पाण्याचा रोज सोबत आंकडा घेतल्यावर, एकीचा पंप चालू असतां दुसरी कशी उतरते हें दोघांच्याहि डोळ्यांस दिसलें. तेव्हांपासून पंप आळीपाळीनें चालतात, आणि माझी दुसरी बोअर बंद आहे. २०२३ सालीं पावसानें पुन्हां ओढ दिली, आणि राज्यांतील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यांत शिरूर व दौंड हे दोन्ही होते. त्या कोजागिरीस आम्हीं दोघांनीं मोजणी करून कांदा पाऊण एकरावर आणला, व उरलेल्या रानांत ज्वारी व हरभरा पेरला. उत्पन्न घटलें, यांत शंका नाहीं. परंतु पेरलेलें वाळलें नाहीं, नवीन कर्ज झालें नाहीं, आणि गोठ्यांतील एकहि जनावर विकावें लागलें नाहीं.

मनाविषयीं दोन शब्द

१९७२ सालीं आमच्या मातोश्रींनीं दुष्काळी कामावर माती वाहिली, आणि मिलो व सुकडी खाऊन दिवस काढले. त्या म्हणत, “तेव्हां धान्य नव्हतें, पण आडाला पाणी होतें, आतां धान्य आहे, पाणी नाहीं. पण तेव्हां सारें गांव एके ठिकाणीं रडत होतें, म्हणून कोणी एकटें रडलें नाहीं.” या बोलांत मोठें शहाणपण आहे. धास्ती एकांतांत वाढते, व चारचौघांत बोलल्यानें उतरते.

म्हणून अनुभवानें ठरविलेले तीन नियम सांगून हा लेख पुरा करितों. पहिला: बोअर, कर्ज किंवा जनावरांची विक्री यांविषयींचा निर्णय रात्रीं किंवा चैत्र-वैशाखाच्या काहिलींत घेऊं नये, तो कोजागिरीस वही समोर ठेवून घ्यावा. दुसरा: विहिरीकडे दिवसांत एकदांच, ठराविक वेळीं पाहावें, आंकडा लिहावा आणि वही मिटावी, वारंवार डोकावल्यानें पाणी वाढत नाहीं, घोर तेवढा वाढतो. तिसरा: झोप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, किंवा जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत डोकावला, तर तें घरांत व शेजारीं बोलून दाखवावें, आणि वैद्यकीय सल्ला घेण्यास लाजूं नये. सरकारानें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठींच आहे. पाय मोडला तर आपण दवाखान्यांत जातों. मन खचलें असतांहि तसेंच करावें.

पाऊस पाडणें आपल्या हातीं नाहीं. पडलेला पाऊस मोजणें, मुरविणें आणि शेजार्‍याशीं वांटून घेणें आपल्या हातीं आहे. येत्या कोजागिरीस दूध आटविण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली विहीर मोजावी, आणि जमल्यास शेजार्‍यास बोलावून मोजावी, एवढीच विनंति आहे.